“मी करून घेतलीय ना!”

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या स्त्रीरोग विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाई. प्रमुख पाहुणे आरोग्य अधिकारी साहेब. व्यासपीठावर बसलेले रुग्णालयाचे सगळे वरिष्ठ. पहिल्या रांगेत बसलेले अक्काचे यजमान आणि तिची लेक. सिस्टर, ब्रदर, आयाबाई, सफाईच्या भगिनी, दाराशी उभे असलेले आमचे रखवालदार काका. शिलाई कारखान्यातून, धुलाईघरातून आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या सगळ्या बायांनो. आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आमची अक्का. सर्वांना माझा नमस्कार.

माइक शिट्टी मारतोय, त्याला माझा इलाज नाही. मी जरा लांबून बोलते. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा, उगाच एकमेकींना “काय म्हणाली, काय म्हणाली” विचारत बसू नका.

मघाशी सूत्रसंचालन करणाऱ्या सिस्टरने माझी ओळख “अबोल पण मनाने प्रेमळ” अशी करून दिली. तिचे आभार. खरं म्हणजे मी अबोल नाही, खडूस आहे. मी इथल्या प्रयोगशाळेत काम करते. तुमचे नमुने माझ्याकडे येतात, तुम्ही येत नाही, आणि मला ते बरं पडतं. नळीतला नमुना “रिपोर्ट कधी मिळणार” असं दर पाच मिनिटांनी विचारत नाही. तेव्हा मला भाषणाची सवय नाही. आज मी उभी आहे ती अक्काने उभं केलंय म्हणून. तिने मला सांगितलंय की काय बोलायचं, कुठे थांबायचं आणि कुठे रडायचं नाही. शेवटचं जमेल असं वाटत नाही.

सभेत माणसाला अहो-जाहो करायची रीत आहे. अध्यक्ष महोदया, तेवढी सूट मला द्या. ज्या बाईबरोबर उभं आयुष्य एका व्हरांड्यात काढलं, तिला आज फुलांचा गुच्छ मिळाला म्हणून मी “अहो अक्का” म्हटलं, तर तीच मला उठून मारेल. उठता आलं तर.

अक्का आमच्याकडे समुपदेशक म्हणून लागली. त्या वेळी हा शब्द कुणाला माहीत नव्हता. बाया तिला “समजावणारी बाई” म्हणायच्या आणि तेच बरोबर होतं. माझी खोली व्हरांड्याच्या एका बाजूला, तिची समोर. मध्ये बाकडं. त्या बाकड्यावर बाया बसायच्या आणि पलीकडच्या पडद्यामागे तपासणीचं टेबल.

नव्या मुली समोर बसल्या आहेत म्हणून सांगते, सुरुवातीला आमच्याकडे काय होतं? व्हिनेगर. हसू नका. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात बघायचं. काही बिघडत असलं तर तेवढा भाग पांढरा दिसतो. मग काचपट्ट्या आल्या. पेशी पुसून काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. डोळे गेले, मान गेली, स्वभाव तर आधीच गेलेला होता. आणि अलीकडे आलं ते मशीन. ते पेशी बघत नाही, थेट विषाणूच शोधतं. एचपीव्ही. हा विषाणू कुणालाही गाठतो, बहुतेकींच्या अंगातून आपला आपण निघूनही जातो. एखादीच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, आणि मग कधीतरी त्याचा कर्करोग होतो. म्हणजे पकडायला वेळ पुष्कळ मिळतो. हे वाक्य मी नंतर पुन्हा म्हणणार नाही, कारण मला ते म्हणवत नाही. तेव्हा आत्ताच ऐकून ठेवा.

तर साधनं होती. बाया नव्हत्या. कोण येणार? ज्या जागेचं नाव आपण स्वतःशीसुद्धा घेत नाही, ती जागा बत्ती लावून परक्या बाईला दाखवायची? धुलाईघरातली एक बाई, आता नाही ती, वयाने गेली, बिचारी, टेबलावर चढली आणि डॉक्टरबाईंनी दिवा लावल्याबरोबर खाली उडी मारून जी पळाली ती थेट फाटकाबाहेर. एक चप्पल आमच्याकडे राहिली. अक्का ती चप्पल घेऊन तिच्या घरी गेली. तिथे दारात उभी राहून तिने पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं.

“अहो, एवढं काय घाबरताय? मी करून घेतलीय ना! मला बघा, उभी आहे की तुमच्यापुढे धडधाकट.”

ती बाई दुसऱ्या दिवशी आली. आपल्या दोन्ही जावांना घेऊन आली.

झालं! अक्काला किल्ली सापडली. तिचे यजमान किल्ल्या बनवतात, बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ते नेहमी म्हणायचे की माझ्या दुकानात कुलपाप्रमाणे किल्ली घासावी लागते, हिची एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते. खरंच लागायची. कुणी म्हणालं, दुखेल. “मी करून घेतलीय ना, मुंगी चावल्याइतकंही नाही.” कुणी म्हणालं, लाज वाटते. “मला नव्हती वाटली? डोळे मिटले, माहेर आठवलं, तेवढ्यात झालंसुद्धा.” कुणी म्हणालं, घरी कामं पडलीत. “मी करून घेतली आणि घरी जाऊन चादरी धुतल्या.” तपशील वाढत गेले. कधी त्यात चादरी असत, कधी पाहुण्यांचा स्वयंपाक असे. एकदा तर ती तपासणी करून घेऊन नणंदेच्या लग्नात नाचली होती. आणि ही तपासणी कायम “गेल्याच महिन्यात” झालेली असे. उन्हाळ्यात विचारा, गेल्याच महिन्यात. थंडीत विचारा, गेल्याच महिन्यात. मी माझ्या खोलीतून ऐकायचे आणि गालात हसायचे. म्हणायचे, काय बाई आहे ही, हिच्या जिभेला हाडच नाही.

विषाणूची तपासणी आली तेव्हा तर काय काय झालं! एक नवरा तावातावाने आला. “माझ्या बायकोत हा विषाणू आला कुठून, ते आधी सांगा.” मी दार लावून घेतलं. अक्का शांतपणे म्हणाली, “बसा भाऊ. हा पाहुणा कधी आला, कुणाबरोबर आला, हे कुणालाच सांगता येत नाही. वीस वर्षांपूर्वी आलेला असेल. तुमच्याबरोबरच आला असेल. शोधायचा का?” भाऊ बसले नाहीत. पण पुढच्या वेळी बायकोला सायकलवर मागे बसवून घेऊन आले आणि बाहेर उन्हात थांबून राहिले.

मग घरी न्यायच्या नळ्या आल्या. मऊ ब्रश असतो, बाईने आपला आपणच आत फिरवायचा, नळीत टाकायचा, आणून द्यायचा. टेबल नाही, दिवा नाही, डॉक्टर नाही. कारखान्यातल्या एकीने ब्रश तोंडात फिरवून आणला. म्हणाली, तोंडाची तपासणी आहे असंच सांगितलं होतं. पिशवीच्या तोंडाची गं बाई! अक्का हसून हसून बाकड्यावर आडवी झाली. मग उठली, तिला न्हाणीघरापर्यंत घेऊन गेली आणि दाराबाहेर उभी राहून सांगत राहिली, “घाबरू नकोस, फिरव, अजून फिरव, मीही असंच केलं, मी करून घेतलीय ना.”

आता मी जे बोलणार आहे ते अक्काच्या सांगण्यावरून बोलणार आहे. तिच्या लेकीला आणि यजमानांना ते आधी सांगितलेलं आहे. डॉक्टरबाईंनाही माहीत आहे. तेव्हा कुणी मला मध्येच चहाची चिठ्ठी पाठवू नका.

अक्का निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडतेय. का, ते सगळ्यांना माहीत आहे. दबक्या आवाजात माहीत आहे. तिला पिशवीच्या तोंडाचा कर्करोग झाला आहे. गेल्या वर्षी कळलं. पाळी थांबून किती काळ लोटला होता, आणि तरी अंगावरून जात होतं. तिने ते बरेच महिने लपवलं. खुर्चीवर वर्तमानपत्राची घडी घालून बसायची. मी विचारलं तर म्हणायची, पाठ दुखते, उंच बसलं की बरं वाटतं. शेवटी एक दिवस व्हरांड्यातच तिला भोवळ आली आणि डॉक्टरबाईंनी तिला उचलून त्याच टेबलावर घेतलं, पडद्यामागे. तपासायला तुकडा काढला. तो घ्यायला मी बाटली घेऊन उभी होते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “अक्का, शेवटची तपासणी कधी केली होती?”

  अक्काने तोंड भिंतीकडे वळवलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. किरणांचे शेक झाले, औषधं झाली, केस गेले. आता रोग फुफ्फुसात पोचलाय. ज्या आवाजाने तिने फाटकाबाहेर पळालेल्या बाया परत आणल्या, तो आवाज आज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही. डॉक्टरांनी जे सांगायचं ते तिच्या घरच्यांना सांगितलंय, आणि घरच्यांनी सांगण्याआधीच अक्काला ते कळलं होतं. दुसऱ्यांना अशा बातम्या तिनेच आयुष्यभर सांगितल्या आहेत, तिला चेहऱ्यावरून कळतं.

माझी समजूत होती की दुःख एवढंच आहे. त्याच्याशी मी कशीबशी जुळवून घेत होते. पण मग बाकडं रिकामं व्हायला लागलं.

आधी मला वाटलं, परीक्षांचे दिवस आहेत, मुलांमुळे बाया येत नसतील. मग वाटलं, कारखान्यात काम जास्त असेल. आमचं मशीन नळ्यांचा ट्रे भरल्याशिवाय लावत नाहीत, औषध वाया जातं. पूर्वी ट्रे सकाळी भरायचा. आता अर्धा ट्रे दिवसचे दिवस फ्रिजमध्ये पडून राहायला लागला. एकदा कारखान्याच्या मुकादमीणबाई खोकं घेऊन आल्या. आम्ही दिलेल्या नळ्या. सगळ्या कोऱ्या, ब्रशचं पाकीटसुद्धा फाडलेलं नाही. मी म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. पण तुमच्या अक्का दर महिन्याला तपासणी करायच्या ना? त्यांनाच झाला. मग आम्ही कशाला ती भानगड करायची?”

मी खोकं ठेवून घेतलं आणि डॉक्टरबाईंना सांगितलं. डॉक्टरबाईंनी पोस्टर लावलं, मोठं, रंगीत. बाया त्या पोस्टरखाली उभ्या राहून तेच बोलायला लागल्या. तिने करून घेतली होती, तरी तिला झाला. ज्या वाक्याने बाया आल्या होत्या, त्याच वाक्याने त्या परत जायला लागल्या.

आणि एकीचं सांगते. कोण ते सांगणार नाही, आमच्या धंद्यात ते बसत नाही. तिच्या नळीत विषाणू सापडला होता. डॉक्टरबाईंनी तपासलं, पांढरा डाग होता, लहानसा. अजून कर्करोग नव्हता. तेवढाच भाग गरम टोकाने शेकून काढायचा, चहा निवायच्या आत काम होतं. तिला दिवस दिला होता. ती आली नाही. दुसरा दिला. आली नाही. सिस्टर घरी गेली तर म्हणाली, “अक्कांसारख्या बाईला वाचवू शकला नाहीत, मला काय वाचवणार?” तिची पोरं लहान आहेत. ती आज आली आहे की नाही मला माहीत नाही. आली असेल तर बाई, नीट ऐक. हे सगळं भाषण तुझ्यासाठी आहे, बाकीचे नुसते चहाला आलेत.

मी अक्काला यातलं काही सांगणार नव्हते. आजारी माणसाजवळ काय बोलायचं याचं मलाही थोडं भान आहे, खडूस असले तरी. पण तिच्याकडे बसले होते, तिच्या पायाला तेल लावत होते, आणि तिने विचारलं, “बाकड्यावर गर्दी आहे का गं?”

मी म्हटलं, “आहे की.”

“तुला खोटं बोलता येत नाही,” अक्का म्हणाली. “ते माझं खातं आहे. खरं सांग.”

मग मी सांगितलं. खोकं परत आल्याचं सांगितलं. त्या बाईचंही सांगितलं. अक्का आधी हसली. तिला हसल्यावर खोकला येतो, तो थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिले. आणि मग ती रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. रोग कळला तेव्हा नाही, केस गेले तेव्हा नाही. तेव्हा तिने मला सांगितलं.

बायांनो, अक्काने ही तपासणी कधीही करून घेतलेली नाही. व्हिनेगरची नाही, काचपट्टीची नाही, नळीची नाही. गेल्या महिन्यात नाही आणि त्याआधीच्या कुठल्याही महिन्यात नाही. एकदाही नाही.

करा, कुजबुज करा. मी थांबते. अक्काने सांगितलंच होतं की इथे थांब, बाया बोलतील.

तुम्ही म्हणाल, का? मीही तेच विचारलं, आणि चांगलं ओरडून विचारलं. ती म्हणाली, “पहिल्यांदा त्या दारात तोंडातून निघून गेलं. वाटलं, आज बोलते, उद्या करून टाकते, म्हणजे खरं होईल. उद्या गेले तर टेबलापाशी सिस्टर उभी. तिच्याबरोबर मी डबा खाते, तिच्या नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकते. तिच्यापुढे पाय पसरून निजू?”

यात अक्का एकटी नव्हती. आमच्या रुग्णालयातल्या लोकांची ही रीतच आहे, कुणी घालून दिलेली नाही, पण आहे. आम्ही साऱ्या गावाला टेबलावर चढवतो आणि आम्ही चढत नाही. मी स्वतःची तपासणी बहिणीच्या गावी जाऊन करते, जिथे मला कुत्रं ओळखत नाही. मला वाटायचं, अक्काही तशीच कुठेतरी करत असेल. प्रत्येकीला दुसरीबद्दल असंच वाटत होतं. समोर बसलेल्या सिस्टर मान खाली घालताहेत, मला इथून दिसतंय. मोठ्या डॉक्टरबाई, तुमच्याकडे मी बघत नाही, तुम्ही अध्यक्ष आहात.

मी म्हटलं, “आणि घरी न्यायच्या नळ्या आल्या तेव्हा? तेव्हा कुठे सिस्टर होती?”

“तेव्हा तू होतीस,” ती म्हणाली. “नळीवर माझं नाव बघून तू लगेच विचारलं असतंस, अगं, याआधीचे रिपोर्ट कुठे आहेत? दर महिन्याला करणाऱ्या बाईचा एकही रिपोर्ट नाही?”

“मी नसतं विचारलं.”

“तू? सुईच्या टोकावरचा गंज विचारणारी बाई तू. विचारलं असतंस.”

विचारलं असतं. खरं आहे ते. आणि तिने काहीतरी थाप मारली असती, आम्ही भांडलो असतो, आठवडाभर बोललो नसतो, आणि ती नळी माझ्या मशीनमध्ये गेली असती. एवढंच व्हायला हवं होतं. या हातांखालून अख्ख्या गावाच्या पेशी गेल्या. व्हरांड्यापलीकडे, हाक मारली तर “ओ” देईल इतक्या अंतरावर बसलेल्या बाईच्या तेवढ्या आल्या नाहीत. मला तिचा राग येतो. निरोप समारंभात असं म्हणत नाहीत, मला कळतं. पण मला फार राग येतो, अक्का. तुला मी सोडणार नाही.

हं. पाणी द्या जरा.

तर ती म्हणाली, “मग सांग ना त्यांना. तपासणी हरली नाही म्हणावं. झालीच नाही.”

मी म्हटलं, “वेड लागलंय का तुला? लोक काय म्हणतील? लोकां सांगे ब्रह्मज्ञान...”

“स्वतः कोरडे पाषाण,” तीच म्हणाली. “म्हणू देत. खरंच आहे की.”

“अगं, जन्मभर कमावलेलं नाव आहे तुझं. लोक तुझ्यावर जीव टाकतात. आता, या वेळेला, ते घालवायचं?”

“त्या नावाचा भरवसा धरूनच त्या बाया घरी बसल्यात ना? मग ते नाव ठेवून काय करू? बरोबर घेऊन जाऊ?”

आम्ही भांडलो. बरेच दिवस भांडलो. मी डॉक्टरबाईंकडे गेले, म्हटलं, तुम्ही समजवा. त्यांनी अक्काला समजावलं की आपण व्याख्यानं ठेवू, आकडे दाखवू. अक्का त्यांना म्हणाली, “बाई, आकड्यांनी कधी कुणी टेबलावर चढलंय का? माझ्या खोट्याने चढल्या. आता निदान खऱ्याने चढू देत.” तिला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून मी बोलायचं ठरलं. अट तिने एकच घातली की गोड करून सांगायचं नाही.

पण त्याआधी घरी सांगायला हवं होतं. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, “इतकी वर्षं संसार केला. हिला खोटं बोलता येतं, हेच मला माहीत नव्हतं.” आणि उठून दुकानात गेले. लेक मात्र भडकली. तिचं बरोबर होतं. तिला तीस पूर्ण झाली त्याच आठवड्यात अक्काने तिला हाताला धरून इथे आणलं होतं. ती येत नव्हती, रडत होती. ती आईला म्हणाली, “मला आत ढकललंस आणि तू बाहेर बाकड्यावर बसून राहिलीस? मी आत होते तेवढा वेळ तू काय विचार करत होतीस?”

अक्का म्हणाली, “हाच, की हिचं तरी झालं.”

लेक दोन दिवस आईशी बोलली नाही. आज सकाळी तिनेच आईला आंघोळ घातली, साडी नेसवली आणि रिक्षात मांडीवर डोकं घेऊन इथपर्यंत आणलं. पोरी, तुझं कौतुक करायला माझ्याकडे शब्द नाहीत. ते मी उगाच जुळवत बसत नाही.

आता प्रथेप्रमाणे आभार. अध्यक्ष महोदयांचे, त्यांनी हे बोलू दिलं म्हणून. प्रमुख पाहुण्यांचे. साहेब, तुम्हाला सत्काराचं निमंत्रण होतं आणि ऐकायला हे मिळालं. सभागृह दिल्याबद्दल, खुर्च्या लावल्याबद्दल सगळ्यांचे. बायांनो, तुमचे सगळ्यात जास्त, कारण अजून एकही उठून गेलेली नाही.

एक विनंती आहे. थोड्या वेळाने तुम्ही अक्काला भेटायला रांग लावाल. तिला “बऱ्या व्हाल” असं म्हणू नका. तिला त्याचा कंटाळा आलाय. जवळ जा, तिला मोठा आवाज सोसत नाही, आणि कानात सांगा की मी अमुक दिवशी येते तपासणीला. दिवस ठरवून सांगा. सिस्टर, तुम्हीसुद्धा. आणि नुसतं बरं वाटावं म्हणून सांगू नका. या बाबतीतलं खोटं तिला लगेच ओळखू येतं.

शेवटी रीत अशी की बोलणाऱ्याने म्हणायचं, काही कमी-जास्त बोलले असेन तर क्षमा असावी. माझं राहू द्या, मी कमी-जास्तच बोलते आणि मला सवय आहे. अक्काने मला बजावलंय की आज माफी मागायची ती तिच्यासाठी. ती तुमच्याशी खोटं बोलली, तुमच्या भल्यासाठी बोलली, पण बोलली. तिला माफ करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही.

फक्त, करायचं असेल तर लवकर करा.